उसनं कसब

३ ऑक्टोबर, गुरुवार

वोक आज मेलाच असता! बोर्झेकने खेळात तीन वर्षं जपलेला सरदार, आणि मरणार कोणाच्या हातून, तर कुजक्या पुलावरच्या एका फालतू सांगाड्याच्या. बोर्झेक बेकरीतून थेट आला होता, अंगावर पीठ होतंच. पण चेहरा पांढरा पडला तो पिठाने नव्हे.

द्राहुशा आली नव्हती. ती ट्राम चालवते, तिची कामाची पाळी ऐन वेळी बदलली. ती नसली की तिची वैदीण इल्बा ‘तंबूत झोपलेली’ असते, हा आमच्या टेबलाचा पहिल्यापासूनचा रिवाज. आणि जखम बांधता येते ती फक्त वैदिणीला. सरदाराला येत नाही, चोराला येत नाही. नियमांच्या पुस्तकात प्रत्येक पेशाची कसबं वेगळ्या पानावर आहेत, जाड चौकटीत.

शेवटी मीच सांगाड्याचा पाय घसरवला आणि त्याला नदीत पाडलं. खेळ चालवणारीने असं करायचं नसतं. सिरिलने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तो कर-कार्यालयात आहे. कोणी आकडा फिरवला की त्याला वास येतो.

परतताना डोक्यात एकच – का येत नाही? इतक्या लढायांत वोक इल्बाच्या शेजारी उभा होता. तिला पट्टी बांधताना त्याने एकदाही पाहिलं नाही?

५ ऑक्टोबर, शनिवार

पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. फक्त ‘येत नाही’ एवढंच.

बाबा बटाटे सोलत होते. म्हणाले, एवढं शिकलीस, शाळेत नोकरी लागली, आणि सुट्टीच्या दिवशी भुताखेतांचं पुस्तक घेऊन बसतेस. मी त्यांना पुन्हा एकदा समजावलं – आम्ही चौघं एका टेबलाशी बसतो. तिघं एकेक माणूस होतात, मी उरलेलं सगळं जग होते. ते सांगतात काय करायचंय, फासा सांगतो जमलं की नाही, आणि मी सांगते पुढे काय झालं. म्हणून मला म्हणतात गुहेची धनीण.

‘सरदाराला कुलूप उघडता येत नाही?’ बाबांनी विचारलं.

नाही म्हटलं. ते चोराचं कसब.

‘दाराला लाथ घालता येते ना?’

येते म्हटलं.

‘मग तुझी अडचण काय?’ आणि पुढचा बटाटा घेतला.

अडचण अशी, की मला चौकटी सहन होत नाहीत. आठवीत असताना सल्लागार बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं – खाणीतल्या माणसाची मुलगी, हुशार आहे, पण स्वयंपाकाच्या शाळेत घाला, झेपेल. आई मान हलवत बसली. मी नाही हलवली. आमच्या घरात विद्यापीठ म्हणजे ट्रामच्या एका थांब्याचं नाव होतं, तिथे कोणी उतरत नसे. मी उतरले. मग वोकने का उतरू नये?

संध्याकाळी नवा नियम लिहिला: ‘ज्याला एखादं कसब येतं त्याने ते खेळातच दुसऱ्याला शिकवलं, तर दुसऱ्यालाही येईल. शिकवणाऱ्याचं काही कमी होणार नाही.’

शेवटचं वाक्य किती छान आहे! खाली रेघ मारली.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सगळे आले. चहाघरातला आमचा मागचा कोपरा रिकामा होता – बूट दाराशी, गाद्या, बुटकं टेबल, चहा मागवायची छोटी घंटा. मी नियम वाचून दाखवला.

सिरिलने लगेच विचारायला सुरुवात केली. किती कसबं? शिकवताना बाजूला बसलेल्याने ऐकलं तर त्यालाही आलं असं धरायचं का? चोराने शिकवलेलं सरदाराने पुढे तिसऱ्याला शिकवलं तर? मला त्याचे प्रश्न आवडतात. हा माणूस आठवडाभर इतका प्रामाणिक असतो, की गुरुवारी त्याला चोर व्हावंच लागतं.

बोर्झेकला कुलुपं उघडायची होती. म्हणाला, तीन वर्षं मी दाराबाहेर ढाल धरून उभा, आणि हा आत सोनं मोजतो.

द्राहुशा चहा ओतत होती. म्हणाली, ‘म्हणजे मी नसले तरी चालेल.’

‘तेच तर! आता तुझ्यावर सगळा भार नाही,’ मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि माझा पेला भरला.

मग एकमेकांना शिकवणं झालं. मला वाटलं होतं दोन वाक्यांत आटपेल. पण द्राहुशाने वोकला, म्हणजे बोर्झेकला, समोर बसवलं आणि इल्बाच्या आवाजात सांगू लागली. जखमेकडे आधी बघायचं नाही, माणसाच्या तोंडाकडे बघायचं. तो काय लपवतोय ते बघायचं. पट्टी घट्ट बांधताना त्याच्याशी दुसऱ्याच कशाबद्दल बोलायचं, म्हणजे तो श्वास सोडतो. बोर्झेक सगळ्यात विनोद करतो, पण तेव्हा नुसता ऐकत होता. चहा देणारी मुलगीसुद्धा किटली घेऊन उभीच राहिली.

मी या टेबलावर इतकं सुंदर काही ऐकलेलं नाही. एका नियमातून हे निघालं!

१७ ऑक्टोबर, गुरुवार

द्राहुशाला कामाची पाळी. आधी कळलं तर पूर्वी आम्ही अशा गुरुवारी खेळ पुढे ढकलत होतो किंवा नुसते गप्पा मारत बसत होतो. आज खेळलो. वोकने तळघराचं कुलूप उघडलं. सिरिलच्या चोराने, मिहुलने, वोकची जखम बांधली – बांधताना बोर्झेकला त्याच्या आयकराबद्दल विचारत राहिला. ‘दुसऱ्याच कशाबद्दल बोलायचं’ ना! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

तळघर जिंकलं. द्राहुशाला संदेश पाठवला: ‘तुझ्याशिवाय जमलं!!’

तिने अंगठा पाठवला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेत मोठ्या शिक्षिकेने माझ्या हातून नकाशा काढून घेतला आणि स्वतः टांगला. मी चुकीच्या खिळ्याला लावत होते म्हणे. नवी आहे मी, मान्य. पण खिळा!

२४ ऑक्टोबर, गुरुवार

काहीतरी बिघडलंय. काय, ते पकडता येत नाहीये. लिहून बघते.

सगळे होते. लढाई मोठी, मी आठवडाभर बेतलेली. अस्थींचा मठ, तीन दरवाजे, वरून बाण. आणि ती सहज संपली. वोकने स्वतःची जखम स्वतः बांधली. मिहुलने स्वतःची बांधली. कुलूप ज्याच्या जवळ होतं त्याने उघडलं. सगळं जमलं. कोणी मेलं नाही.

आणि टेबलावर आवाज नव्हता. फासे पडत होते, तेवढाच.

आधी काय व्हायचं? आधी बोर्झेक ओरडायचा, द्राहुशे, अगं धाव, मी चाललो! ती म्हणायची, थांब रे, आधी ह्या चोराचं बघते, तू मोठा आहेस, तुला वेळ लागतो मरायला. मग सिरिल म्हणायचा, मला लिहून द्या की माझा नंबर आधी आहे. अर्धा खेळ तो होता, आणि तो पुस्तकात कुठेच नाही. म्हणून मला दिसला नाही का?

फेरीत द्राहुशाचा नंबर आला तेव्हा तिने विचारलं, कोणाला काही लागलंय का? कोणाला काही लागलं नव्हतं. ती म्हणाली, बरं, इल्बा उभी आहे. पुढच्या फेरीतही इल्बा उभी होती. मग तिने घंटा वाजवून गरम पाणी मागवलं आणि आम्हा सगळ्यांना ओतलं.

लवकर गेली. गुडघा दुखतोय म्हणाली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

द्राहुशा आली नाही. कामाची पाळी नव्हती – मी विचारलं होतं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आजही नाही. संदेशाला उत्तर नाही. बोर्झेक म्हणतो, येईल, रुसली असेल. सिरिल म्हणतो, सलग दोन वेळा न आलेला माणूस सहसा परत येत नाही, हे तो कार्यालयातल्या अनुभवावरून सांगतोय. हे टेबल मी जमवलंय. तीन वर्षांपूर्वी याच चहाघराच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती, तेव्हा पहिली आलेली तीच. गणवेशातच. म्हणाली, पोरी, हे नक्की काय असतं, आणि वयाची अट आहे का?

तिला घालवून बसले तर नियम कितीही न्यायाचा असो, काय करायचाय?

९ नोव्हेंबर, शनिवार

स्वतःशी भांडतेय. कारण मला अजूनही वाटतं की नियम बरोबर आहे! कसब एकाच्याच हातात कोंडून ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं, यात चांगलं काय? सल्लागार बाईंना वाटायचं तसंच झालं की – ज्याने त्याने आपल्या चौकटीत राहावं.

पण मग टेबल गप्प का झालं?

दोन्ही खरं असेल तर मधे काहीतरी आहे, जे मला दिसत नाहीये.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

खेळ रद्द केला आणि तिच्या ट्रामची वाट पाहत थांबले. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत ती होती. पुढच्याच दाराने चढले. तिने आरशात पाहिलं. काचेवर तिच्या डोक्यामागे पाटी: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. मी पाटीखाली उभी राहिले, पोरुबा थांब्यापर्यंत.

शेवटच्या थांब्यावर गाडी गोल वळते, तिथे तिला थोडा वेळ मिळतो. तिने केबिनचं दार उघडलं आणि चरबी-कांदा लावलेल्या पावाचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला. मी सरळ विचारलं, रागावलीस का.

‘रागावू कशाला? तू काही वाईट केलं नाहीस.’

मग येत का नाहीस, विचारलं.

ती चावत राहिली. मग पाटीकडे बोट दाखवलं. ‘ही बघ. दिवसभर माझ्यामागे शंभर माणसं असतात. माझ्याशी बोलायला बंदी आहे. बरोबरच आहे, नाहीतर मी कोणालातरी उडवीन. पण गुरुवारी तुम्ही मला हाक मारायचात. द्राहुशे, धाव. मी धावायचे.’

मी म्हणाले, पण तू किती सुंदर शिकवलंस. तुला शिकवायचंच नव्हतं का?

‘अगं, शिकवायला तर मजा आली. शिकवून झाल्यावर माझं काय, ते तुझ्या नियमात नव्हतं.’

मला वाटलं होतं, ते होतं. ‘काही कमी होणार नाही.’ रेघसुद्धा मारली होती.

तिने घड्याळ पाहिलं, चुरा झटकला आणि दार लावलं. मी परत तिच्याच गाडीने आले. न बोलता.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सुचलं! सिरिलमुळे – त्याला पत्ताही नव्हता.

चहाघरात दुपारी तो एकटा भेटला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि आपला वीस बाजूंचा फासा पुसत बसला. तो कोणाला हात लावू देत नाही. एकदा बोर्झेकने पिठाच्या हाताने उचलला तर सिरिलने तो साबणाने धुतला आणि खिडकीत वाळत ठेवला. तसे आम्ही सगळेच आहोत. दुसऱ्याचा फासा उचलायचा नाही, हे न सांगता सगळ्यांना माहीत असतं. खुळी समजूत आहे, पण फासा हातात घेणं म्हणजे त्या माणसाचं नशीब हातात घेणं.

मग तेच! कसब शिकता येईल, कोणालाही. पण शिकलेलं कसब वापरताना फासा टाकायचा तो शिकवणाऱ्याचा. त्याने स्वतः उचलून हातात दिला तरच. मागावा लागेल. हाक मारावी लागेल. चौकट नाही आणि एकटेपणाही नाही.

सिरिलला सांगितलं. त्याने फासा मुठीत घट्ट धरला आणि विचारलं, अपवादासाठी अर्ज कुठे करायचा.

१७ नोव्हेंबर, रविवार

बोर्झेकचा फोन. म्हणाला, मग ती नसताना मी पुन्हा पुलावर मरणार ना? मूळ भानगड तीच होती! खरंय. विचार केला. न येणाऱ्याने आपला फासा आधी कोणाजवळ तरी ठेवून जावं. कोणाजवळ, ते त्याने ठरवावं.

‘म्हणजे मला तिच्याशी वर्षभर गोड वागावं लागणार,’ तो म्हणाला.

हो म्हटलं. तसा अर्थ निघतोय खरा.

नवा नियम लिहून द्राहुशाला पाठवला. खाली फक्त एवढंच: ‘पहिला चुकला होता. हा तुला विचारून.’

तिचं उत्तर, पहिल्यांदाच: ‘गुरुवारी सकाळची पाळी आहे. येईन, बघू.’

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आली!

बोर्झेकने आपल्या बेकरीतले बुख्ते, खसखस भरलेले गोड पाव, तिच्यापुढे सरकवले. सगळेच्या सगळे.

खेळ सुरू झाला. मठाखालची भुयारं. वोक पहिल्याच वळणावर जखमी. तो हात पुढे करून बसला – द्राहुशे, दे ना. ती म्हणाली, आधी तोंड दाखव. काय लपवतोयस? त्याने सगळं सांगितलं, बाण, पडणं, वर त्याच्या खऱ्या पाठीचं दुखणंही. मग तिने आपला निळा फासा त्याच्या तळहातावर ठेवला. टेबल पुन्हा बोलायला लागलं. आधीपेक्षा जास्तच, कारण आता सगळ्यांना सगळ्यांकडे मागायचं होतं.

आणि मग द्राहुशाला कुलूप उघडायचं होतं. तिने सिरिलपुढे हात धरला. त्याने खिशात हात घातला. रुमाल उलगडला. दिला. तिने टाकला – एक! सगळ्यात वाईट. कुलुपात तार तुटली, भुयारभर आवाज. सिरिलने डोळे मिटले. म्हणाला, ‘बाई, हा फासा तीन वर्षांत असा वागला नव्हता.’ ‘माझ्याशी त्याची ओळख नाही अजून,’ ती म्हणाली. तो हसला. खरंच हसला!

मी पडद्यामागून हे सगळं बघत होते. पुठ्ठ्याचा तो पडदा, ज्याच्यामागे माझे नकाशे असतात. इतकं बरं वाटत होतं.

निघताना बूट घालता घालता द्राहुशाने विचारलं, ‘आणि तुझं कसब?’

माझा कुठला पेशाच नाही, मी म्हणाले. मी फक्त चालवते.

‘तू कधी खेळलीस?’

नाही. पुस्तक मीच आणलं, चिठ्ठी मीच लावली. कोणीतरी चालवायला हवं होतं.

‘मला चालवायचंय,’ ती म्हणाली. ‘बऱ्याच दिवसांपासून. पण तू आमच्या कसबांची पानं वाटलीस, तुझं पान कधी टेबलावर आलंच नाही. म्हटलं, नसेल द्यायचं.’

मी लेस बांधत राहिले. बांधलेलीच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मला का द्यावंसं वाटत नाहीये?

शाळेत मला खिळासुद्धा ठरवता येत नाही. इथे नदी मी ठरवते. पडद्यामागे असताना मला सगळं माहीत असतं. मी काही बोलले की तीन मोठी माणसं पुढे वाकतात. घरात माझं बोलणं बटाट्यांच्या सालींसारखं आईच्या ओट्यावरून बाजूला सरकवलं जातं, मायेने, पण जातं. ते टेबल सोडलं तर मी कोण?

हेच तिलाही वाटलं असणार. ऑक्टोबरात. हेच, अगदी.

२४ नोव्हेंबर, रविवार

तिला फोन केला. ‘ये, शिकवते.’

१ डिसेंबर, रविवार

ती आमच्या स्वयंपाकघरात आली. आई-बाबांनी तिला आधी अर्धा तास ट्राम उशिरा का येतात यावरून घेरलं. बाबांना वाटलं, अखेर माझ्या या खेळातलं कोणीतरी कामाचं भेटलं.

शिकवायला बसले आणि अडले. मी नक्की काय करते? नकाशा काढते, राक्षस ठेवते, ते पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेलं काय? आठवून आठवून सांगितलं. तिघांपैकी जो गप्प आहे त्याच्या पात्राला वाटेत काहीतरी सापडू द्यायचं. आपण बेतलेलं त्यांनी मोडलं तर दुःख करायचं, पण पडद्यामागे. आणि वर्णन संपल्यावर थांबायचं. फार कठीण असतं ते, लगेच बोलावंसं वाटतं.

थांबणं तिला येतं म्हणाली. दारं उघडून थांबलं की पळत येणारा कोणीतरी असतोच.

मी हे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता मलाच कळत गेलं की मी काय करते. हेही शिकवणाऱ्याला मिळतं तर! नियमात हे लिहायला हवं. नको, राहू दे.

जाताना तिने विचारलं, मग तू कोण होणार? विचारच केला नव्हता. तीन वर्षं मी राजे, चेटकिणी, बोलणारी विहीर, सगळं झालेय. एकच माणूस कधी झाले नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

आज मी चोर होते. नवखी, पहिल्याच पायरीवरची, नाव अजून ठरलेलं नाही. सिरिल आणि बोर्झेकच्या मधे बसले. इथून टेबल किती मोठं दिसतं!

पडद्यापलीकडून द्राहुशा म्हणाली, पायऱ्या संपतात. समोर दार. दाराखालून उजेड येतोय. मग ती थांबली.

अशी कितीतरी दारं मी तयार केली असतील. पलीकडे काय आहे हे मला माहीत नाही, असं आज पहिल्यांदा झालं.